चार नंबरची टकटक

नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडच्या कडेनं ट्रान्सपोर्टच्या गोदामांची रांग जिथे संपायची, तिथे एक चिंचेचं झाड होतं आणि त्या झाडाखाली धोंडबा मिस्त्री बसायचा. चार बल्ल्या, वर गंजका पत्रा, अवजारांची एक लाकडी पेटी आणि गाडीखाली उतरायला जमिनीत खणलेला खड्डा, एवढंच त्याचं दुकान. पाटी त्यानं कधी लावली नाही. ज्याला इंजिन दाखवायचं आहे तो विचारत येतोच, असं तो म्हणायचा, आणि लोक यायचेही.

माणूस उंच, कोरडा, कमी बोलणारा. कपाळावर दोन उभ्या आठ्या कायमच्या. कोणत्याही गोष्टीवर त्याचा पहिल्या झटक्यात विश्वास बसत नसे. मालक म्हणाला तेल कालच बदललं, तर हा दोन बोटांत तेल घेऊन चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मालकाच्या तोंडाकडे बघायचा. इंजिन फार गोड चालत असलं की त्याला जास्तच संशय यायचा. त्याच्यापाशी सागाची हातभर लांब दांडी होती, धरून धरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळायचं. त्याची बायको कौसल्या म्हणायची, "अजी, येखाद्या दिवशी माह्या भाकरीले बी दांडी लावून पाहान तुमी."

धोंडबा आमच्याच गावचा, काटोलच्या अलीकडचा. त्याचा बाप गावकीची कामं करायचा, पाटलाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात रानोमाळ धावायचा. छप्पन सालच्या दसऱ्याला बाप-लेक पायी नागपूरला गेले, लाखो लोकांत उभं राहून दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर बापानं गावकीची काठी वेशीपाशी टेकवून ठेवली ती पुन्हा उचलली नाही. लेकानं पुढे गावच सोडलं. वाडीच्या एका गॅरेजात तो सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला लागला. त्याला शिकवलं कोणी नाही. ऐकत ऐकत शिकला. दरसाल दसऱ्याला मात्र तो काम बंद ठेवून दीक्षाभूमीवर जायचा. कोणाची गाडी अर्ध्या रस्त्यात पडली असली तरी जायचा.

आता जे सांगतो ते शहात्तर सालच्या हिवाळ्यातलं आहे. मी ते धोंडब्याच्या तोंडून ऐकलं आणि पुढे कवडू ड्रायव्हरच्या तोंडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक पडला नाही.

गोदामांच्या मागे मधुकररावांचं घर होतं. आधी त्यांच्या दोन बैलगाड्या होत्या, कापूस आणि संत्री शहरात न्यायच्या. रस्त्यावर ट्रक वाढले तसे त्यांनी बैल विकले आणि एक जुना ट्रक घेतला. कोराडीला वीज बनवण्याचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून त्यांचा ट्रक खाणीतून तिकडे कोळसा न्यायचा. त्यांच्या लेखी तो ट्रक बैलच होता. समोर गोंडा, आरशाला काळा दोरा, आणि सकाळी निघताना त्याच्या बोनेटवर थाप मारल्याशिवाय मधुकररावांना चहा गोड लागत नसे. ट्रक चालवायचा तो कवडू, दोन पोरींचा बाप, गरीब आणि घाबरट माणूस.

त्या साली नवरात्रात मधुकररावांनी धोंडब्याकडून इंजिन बांधून घेतलं. इंजिन पूर्ण खोलून, झिजलेलं काढून, नवं घालून पुन्हा मिटवण्याला मिस्त्री लोक बांधणं म्हणतात. सहाही पिस्टन नवे. ते मधुकररावांनी स्वतः नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणून दिले होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला धोंडब्यानं शेवटचा नट आवळला, जुने पिस्टन बारदान्यात घालून मधुकररावांच्या ओट्यावर ठेवले आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी अंगणात ट्रकची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. धोंडबा अर्थातच तिथे नव्हता.

दिवाळी गेली. तूर फुलली. वाडीवर सकाळी धुकं उतरू लागलं, आणि एका सकाळी कवडूनं सेल्फ मारला तसा ट्रक धडधडला आणि धडधडीच्या आतून एक वेगळा आवाज आला. टक्, टक्, टक्, टक्. कोणी तरी लहान हातोडीनं बिडाच्या ओतीव लोखंडावर ठोकतंय असा. मधुकरराव ओट्यावर शाल गुंडाळून बसले होते. त्यांनी कान टवकारला. पंधराएक मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज आपोआप गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी पुन्हा.

धोंडब्याला बोलावणं गेलं. तो दहाला आला, तोवर ट्रक एक खेप मारून परतलेला. दांडी लावली, डोळे मिटले. इंजिन मांजरीसारखं गुरगुरत होतं.

"काही नाही जी," तो म्हणाला.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मधुकरराव त्याच्याकडे बघतच राहिले. अंगणात कवडू होता, शेजारच्या गोदामाचे दोन हमाल बिडी पीत बसले होते.

"धोंडबा, एक गोष्ट खरी खरी सांग गा," मधुकरराव म्हणाले. "मी सीताबर्डीहून सहा पिस्टन आणून देल्ले. तू कोणते घातले?"

"म्हणजे जी?"

"म्हणजे ते घातले, का माह्येच जुने घासूनपुसून घातले? नवे कुठी गेले?"

हमालांची बिडी तोंडातच राहिली.

"जुने तुमच्या ओट्यावर ठेवले होते," धोंडबा म्हणाला.

"कोणाचे जुने, ते मले काय माहीत! माह्या पिस्टनवर माहं नाव थोडी आहे. अन दसऱ्याच्या पूजेले बी तू आला नाही. जाच्या मनात खोट नसते तो हात जोडाले येते."

"दसऱ्याले मी कुठी जातो ते अख्ख्या वाडीले माहीत आहे. तुमाले बी माहीत आहे."

मधुकररावांनी नजर फिरवली. "रविवारी सीताबर्डीचा ताराचंद मिस्त्री येईन. तो इंजिन खोलून पाहीन. जुने निघाले तं मंग तुहं दुकान अन तू."

धोंडबा दांडी काखेत घेऊन निघाला. पण तो चिंचेखाली परत जाईपर्यंत गोष्ट त्याच्या आधी तिथे पोचली होती. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोक त्याला बघून बोलायचे थांबले. मिस्त्रीकडे असतं काय? पत्र्याचं छप्पर आणि नाव. छप्पर वाऱ्यानं उडालं तर दुसरं घालता येतं. नवे पिस्टन विकून जुने घालणारा म्हणून एकदा बोलबाला झाला, की त्या झाडाखाली सायकलसुद्धा थांबणार नव्हती. हातात चार दिवस होते.

त्यानं कवडूला निरोप दिला, उद्या मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, थंडीच ठेवायची. गुरुवारी उजाडता उजाडता तो मधुकररावांच्या अंगणात शिरला. बोनेटवर दव होतं. मधुकररावही ओट्यावर येऊन बसले. कवडूनं सेल्फ मारला.

टकटक नाही. इंजिन पहिल्या श्वासापासून मऊ.

"पाह्य!" मधुकरराव म्हणाले. "तुह्या समोर चूप बसते. तू काही करते तिले."

धोंडब्याच्या आठ्या आणखी खोल गेल्या. वर दव, आणि इंजिन तापलेलं! तो वाकला, गाडीखाली सरकला आणि तेलाच्या टाकीला खालून हात लावला. टाकी दुभत्या म्हशीच्या पोटासारखी कोमट होती. मागच्या चाकाआड एक घमेलं ढकलून दिलेलं होतं, त्यात विझत आलेले कोळसे. बाहेर येऊन त्यानं कवडूकडे पाहिलं. कवडू लगेच दुसरीकडे बघू लागला.

मधुकरराव आत गेल्यावर धोंडब्यानं त्याला टायरपाशी गाठलं.

"काहून शेकून राहिला बे तू तिले?"

"मिस्त्री, पाया पडतो, मालकाले नोको सांगू."

"आवाज झाकून राहिला का माह्यापासून?"

"तू कानानं वळखशील," कवडू पुटपुटला. "मंग तू सुटशील, अन मालक म्हणन कवडूनं गाडी रेटून बिघडवली. आजच केलं मी. तुह्यावर आलं होतं तं म्हटलं, चला, आपण वाचलो."

"वा रे! अन मी?"

"मले दोन पोरी आहेत मिस्त्री."

"मले बी पोट आहे," धोंडबा म्हणाला. "उद्या निखारा दिसला तं त्याच्यावर तुलेच बसवीन."

त्यानं मधुकररावांना सांगितलं नाही. पण त्या घटकेपासून कवडूवरचा संशय त्याच्या मनात बसला. ज्यानं आवाज लपवला, त्यानंच तो आणला नसेल कशावरून? थंड इंजिनाला रेटणं, चढावर गियर न बदलणं, घाबरट माणूस हातात चाक आलं की कसा होतो ते कोणी पाहिलं?

शुक्रवारी इंजिन खरोखर गार होतं. धोंडब्यानं आधी चारही बाजूंनी हात लावून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, मगच मान हलवली. सेल्फ फिरला आणि आवाज आला. इतक्या दिवसांत धोंडब्यानं तो पहिल्यांदा ऐकला. टक्, टक्, टक्. स्वच्छ, कोरडा, गाडीच्या चालीबरोबर चालणारा.

त्यानं दांडी लावली. मग पाना घेऊन डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले करू लागला. ज्या पिस्टनचं डिझेल तोडलं तो तेवढा वेळ बेकार होतो, आणि दोष त्याच्यापाशी असेल तर आवाज थांबतो. पहिला तोडला, टकटक चालूच. दुसरा, चालूच. तिसरा, चालूच. चौथ्याचा नट ढिला केला आणि टकटक गेली. आवळला, पुन्हा आली.

"काय झालं गा?" मधुकररावांनी ओट्यावरून विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. आजूबाजूला दुसरा मिस्त्री नव्हता. धोंडब्यानं पाना पुसला.

"चार नंबर," तो म्हणाला.

"म्हणजे पिस्टनच!"

"चार नंबरापाशी आहे. कशाचं आहे ते नाही सांगता येत अजून."

"ते ताराचंद सांगन आता."

त्या दिवशी धोंडबा दुकानावर बसला खरा, पण त्यानं काही केलं नाही. कवडूवरचा संशय आता स्वतःवर येऊन बसला होता. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला घाई झाली होती. कौसल्यानं दुसऱ्या दिवसासाठी पांढरे कपडे धुऊन दोरीवर घातले होते, आणि ते वाळले असतील का हा विचार डोक्यात होता. तो एकेक पिस्टन आठवू लागला. पहिला कसा घातला ते आठवलं. दुसरा, तिसरा आठवला. पाचवा घालताना टपरीवरून चहा आला होता. सहावा कंदिलाच्या उजेडात. चौथा आठवत नव्हता. कितीही डोळे मिटले तरी चौथ्याच्या जागी नुसता अंधार.

संध्याकाळी भाकरी पुढ्यात तशीच राहिली.

"सांगाचं होतं ना, कळत नाही म्हणून," कौसल्या म्हणाली.

"कळलं ना पण मले."

"मंग आता?"

"चार नंबरापाशीच वाजून राहिलं वं. पण दांडीतून जसं याले पायजे तसं येत नाही. पोटातलं दुखणं जड असते. हे पातळ आहे. जसं कोणी बाहेरून चुटक्या वाजवून राहिलं."

"बाहेरून, तं बाहेर पाहा की. पोटातच काहून पाहून राहिले?"

धोंडब्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्यावरही विश्वास न बसल्यासारखं. मग भाकरी ओढून घेतली.

"उद्या दिवसभर गाडीत बसतो," तो म्हणाला. "कवडू करते काय, तेच पाहतो."

शनिवारी तो कवडूच्या बाजूला बसून गेला. खाणीवर कोळसा भरला, कोराडीला उतरवला, पुन्हा खाण, पुन्हा कोराडी. धुराड्यांची राख त्या भागात दिवसभर पिठासारखी चाळली जात होती. झाडांची पानं, घरांची छपरं, हॉटेलातल्या भज्यांचा रंग, सगळ्यावर तिचा पातळ थर. धोंडबा समोर न बघता कवडूच्या पायांकडे बघत होता. क्लच कधी दाबतो, कुठे रेटतो. कवडू घामाघूम झाला.

"मिस्त्री, माह्या पायाकडे नोको पाहू गा. माही बायको बी इतकी नाही पाहत."

पण गाडी तो चांगली चालवत होता. सांभाळून, जरा भीतभीतच. चढावर आधीच गियर बदलायचा. धोंडब्याला त्याच्यात काही सापडलं नाही. याचंच त्याला वाईट वाटलं, कारण मग उरला तो स्वतःच.

दिवस मावळताना ट्रक अंगणात आला. दोन खेपांचं तापलेलं इंजिन, जवळ उभं राहिलं तरी तोंडाला झळ लागावी असं. कवडूनं उतरून बोनेट उघडून टेकवलं.

"हे काहून उघडतो?" धोंडब्यानं विचारलं.

"तूच सांगतलं होतं. नवं बांधलेलं इंजिन तापते, आल्यावर हवा लागू दे म्हणून."

खरं होतं. त्यानंच सांगितलं होतं.

तेवढ्यात मधुकरराव घरातून बाहेर आले. हातात पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या धोंडब्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी आधी पुढच्या दोन्ही चाकांवर तांब्या तांब्या पाणी घातलं. रस्त्यावरून आलेल्या बैलाच्या खुरांवर घालतात तसं, हळू, वाकून. मग उरलेली बादली उचलली आणि उघड्या इंजिनावर पाठीवर ओतावी तशी ओतली.

चर्र झालं. वाफेचा ढग उठला आणि मधुकररावांचा चेहरा त्यात दिसेनासा झाला. "बस, बस," ते वाफेला म्हणत होते, "दमला रे माहा राजा."

धोंडबा जागचा हलला नाही. इंजिनाच्या कुशीला धूर बाहेर नेणारा जाड बिडाचा नळ असतो. दिवसभर चालल्यावर तो लालबुंद व्हायच्या बेतात असतो, आणि वाफ सगळ्यात दाट तिथूनच निघत होती.

मधुकरराव आत गेल्यावर त्यानं कवडूला हळूच विचारलं, "हे रोज करतात का?"

"पाणी तं पयलेपासून देतात. गाडी घरी आली की तिचे पाय धुवाचे म्हणतात."

"अन वरून?"

"पयले बोनेट बंद असे ना. आता उघडं असते तं वरून बी."

धोंडब्याला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. पण चोर ठरलेल्या माणसानं मालकाच्या तांब्याकडे बोट दाखवलं तर काय होईल, ते त्याला माहीत होतं. तो घरी गेला.

रविवारी सकाळी ताराचंद आला. ठेंगणा, पान खाल्लेला, सायकलच्या कॅरियरवर पान्यांची थैली. अंगणात बुधवारचे हमाल होते, टपरीवरचे चार-पाच ड्रायव्हरही कामं सोडून आले होते. धोंडबा आधीच येऊन बोनेटपाशी उभा होता.

"भाऊ, खोलाच्या आधी एक डाव सुरू करू द्या," तो ताराचंदला म्हणाला.

"करो ना भाऊ. मले कोणती घाई आहे?"

धोंडब्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली. त्यातला चुना तळहातावर घेऊन पाण्यात पातळ केला आणि बोटानं त्या थंड बिडाच्या नळावर फासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नळ पांढराशुभ्र झाला.

"तिची बी पूजा करून राहिला का आता?" मधुकरराव म्हणाले. एकदोघं हसले.

"मार सेल्फ," धोंडबा कवडूला म्हणाला.

टक्, टक्, टक्. आवाज आला आणि सगळे वाकले. चौथ्या पिस्टनच्या समोर, नळाच्या पांढऱ्या चुन्यावर, एक काळा ठिपका उमटला. मग त्याच्या बाजूला दुसरा. दर टकटकीला काजळीचा एक ठिपका, आणि बघता बघता ठिपके जुळून केसाएवढी बारीक काळी रेघ झाली, बोटभर लांब. धोंडब्यानं मधुकररावांचा हात धरला आणि रेघेच्या जरा वर नेला. मधुकररावांच्या तळव्याला फुंकर लागली. टक्, फू. टक्, फू.

"नळ तडकला आहे," धोंडबा म्हणाला. "थंडा असला की तड उघडी राह्यते, धूर तिच्यातून चुटकी वाजवते. तापला की बीड फुगते, तड मिटते, आवाज जाते."

इंजिन तापलं आणि तो म्हणाला तसा आवाज गेला. ताराचंदनं पानाची पिचकारी बाजूला टाकली.

"सही पकडा भाऊ. पण बीड असंच नाही तडकत. काहून तडकलं?"

धोंडब्यानं बोटांवरचा चुना पुसला. कवडू जमिनीकडे बघू लागला.

"तापलेल्या बिडावर थंडं पाणी पडून राहिलं रोज," धोंडबा म्हणाला. "उघडून ठेवाले मी सांगतलं. पाणी मधुकररावांचं."

मधुकररावांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "मी? वीस वर्षं बैलाच्या पाठीवर पाणी घातलं मी! एक बैल नाही तडकला माहा!"

ड्रायव्हर लोकांत हसू फुटलं. ते मधुकररावांना झोंबलं. बाई-माणसासमोर नसलं तरी चारचौघांसमोर होतं.

"बरं, नळ तं नळ," ते म्हणाले. "पण पिस्टन नवेच आहेत, हे कुठी दिसलं? नळ फुटला म्हणून तू सुटला का?"

हसू थांबलं. आवाज सापडला होता, पण लोक आता पुन्हा धोंडब्याकडेच बघत होते. बुधवारी बघितलं होतं तसंच.

धोंडब्यानं सदरा काढून ट्रकच्या आरशाला अडकवला. ताराचंदच्या थैलीकडे बघितलंसुद्धा नाही. आपली पेटी उघडली आणि इंजिन खोलायला सुरुवात केली. पाणी सोडलं, तेल सोडलं, वरचं डोकं उतरवलं, खाली शिरून टाकी काढली. ड्रायव्हर गेले नाहीत. दुपार कलली तेव्हा त्यानं सहाही पिस्टन वर ढकलून बाहेर काढले, चौथा फडक्यानं पुसला आणि मधुकररावांच्या हातात ठेवला.

"वरचा नंबर वाचा. तुमच्या पावतीवर असन."

मधुकरराव आत जाऊन पावती घेऊन आले. नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग पावती ताराचंदकडे दिली. ताराचंदनं पिस्टनच्या कडेवर नख फिरवलं, इंजिनाच्या आत बोट घालून बघितलं.

"नवा आहे जी. आतल्या घासणीच्या रेघा बी अजून ताज्या आहेत. बांधणी बी चांगली आहे," तो म्हणाला. "अशी मीच नाही करत रोज."

धोंडबा हात पुसून सदरा घालत होता. पेटी बंद केली, खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

"अरे, कुठी चालला?" मधुकरराव म्हणाले. "हे उघडं आहे ना!"

"पाहाचं होतं ना तुमाले. पाहा आता."

तो गेला. मधुकरराव ताराचंदकडे वळले. ताराचंद सायकलला थैली बांधत होता.

"ना ना, मालक. दुसऱ्यानं खोललेलं मी नाही बांधत. कोणीच नाही बांधत. जानं खोललं तोच बांधते, आमच्यात असंच आहे. उद्या काही वाजलं तं तुमी माह्यावर घ्यान."

तीन दिवस ट्रक अंगणात पोट उघडं टाकून पडला. त्यावर बारदाना झाकला होता. कोराडीचं काम दुसऱ्याच्या गाडीकडे गेलं. चौथ्या दिवशी मधुकरराव चिंचेखाली आले. धोंडबा एका टेम्पोचं चाक काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नवा नळ आणला मी," मधुकरराव म्हणाले.

"चांगलं केलं जी."

"पाणी बी बंद केलं. म्हणजे चाकाले देतो. वरून नाही."

"चांगलं केलं."

मधुकरराव उभेच राहिले. रस्त्यानं दोन ट्रक गेले, धूळ बसली.

"काय घेशील बांधाले?"

"जे रीतसर होते तेच. पण अंगणात नाही बांधत. गाडी साखळीनं ओढून इथं आणा, रस्त्यावर. अन तुमी इथं बसा. एकेक वस्तू तुमी हातात घ्यान, पाहान, मंग मले द्यान. मी तुमच्या हातातूनच घेईन."

"मी? दिवसभर?"

"दोन दिवस लागतात."

मधुकररावांनी काय विचार केला ते कोणाला कळलं नाही. पण दुसऱ्या सकाळी ट्रक साखळीनं ओढत चिंचेखाली आला, आणि मागून स्वच्छ धोतर नेसलेले मधुकरराव पायी आले. धोंडब्यानं त्यांना एक रिकामा तेलाचा डबा पालथा घालून दिला. ते बसले. पिस्टन, त्यांवरच्या कड्या, नट, एकेक वस्तू रॉकेलमधून निघून आधी त्यांच्या हातात यायची, मग धोंडब्याच्या. तासाभरात धोतर काळं झालं.

अमरावती रोड तो. दर घटकेला कोणी ना कोणी थांबायचा.

"काय मधुकरराव, मिस्त्री झाले का?"

"नाही बाप्पा. पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले?"

पहिल्यांदा ते गप्प बसले. धोंडबाही हात थांबवून गप्प बसला. पुढची वस्तू घ्यायला त्यानं हात पुढे केलाच नाही. शेवटी मधुकरराव म्हणाले, "पिस्टन नवेच आहेत." तेव्हा धोंडब्यानं हात पुढे केला.

मग दर वेळी तेच. पहिल्या दिवशी हे वाक्य त्यांना अकरा वेळा म्हणावं लागलं, असं कवडू सांगायचा. तो पाने देत बसला होता आणि मोजत होता. आधी ते वाक्य दातांतून निघायचं. संध्याकाळपर्यंत जरा सरळ निघू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक परका ड्रायव्हर, अकोल्याकडचा असावा, गाडी लावून चिंचेच्या सावलीत पाणी प्यायला आला. त्याला वाडीचं काही माहीत नव्हतं. त्यानं माठातून पेला भरला, एक घोट घेतला आणि पालथ्या डब्यावर बसलेल्या, काळ्या हातांच्या त्या पांढऱ्या मिशीच्या माणसाकडे सहज पाहिलं.

"पिस्टन नवेच आहेत," मधुकरराव त्याला म्हणाले.

"कोणाचे जी?" त्यानं विचारलं.

मधुकररावांनी हातातली कडी उजेडात धरून फिरवली, नीट पाहिली आणि धोंडब्याकडे दिली.

"माह्येच," ते म्हणाले. "यानं घातले."